मामांचे दोन खिसे

मामांच्या बंडीला आतून दोन खिसे आहेत. डाव्या खिशात पोरी, उजव्या खिशात पोरं. बंडी धुवायला टाकायची झाली की मामा दोन्हीकडचे फोटो काढून फडताळाच्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतात. एकाच कप्प्यात राहिले आणि आपसांतच जमवून बसले, तर मध्यस्थाला टॉवेल-टोपी कोण देणार?

हे मामा कोणाचेच सख्खे मामा नाहीत. जिंतूर-जालना रस्त्यावर चारठाणा पाटीला उतरा आणि पहिल्याच हाटेलात ‘मामा कुठंयत?’ एवढं विचारा. हाटेलवाला आधी तुमच्याकडं बघतो, मग तुमच्याबरोबरच्या पोराकडं बघतो, आणि पोराचं वय जोखून झाल्यावर रस्ता सांगतो. वय जरा जास्तच दिसलं तर चहाचे पैसे घेत नाही. असा माणूस प्रत्येक तालुक्यात एक असतोच. त्याचं शेत बटईनं दिलेलं असतं, एस.टी.चं वेळापत्रक त्याला कंट्रोलरपेक्षा जास्त पाठ असतं आणि लोकांच्या लेकींची काळजी त्याला त्यांच्या बापांपेक्षा दोन वर्षं आधी लागलेली असते. जिंतूर, सेलू, मंठा या तीन तालुक्यांत कोणाच्या घरात किती पोरी, कितवीला, आणि कोणत्या पोरीचं मामेकूळ कोणतं, हे मामा जनगणनेवाल्यांना तोंडी सांगू शकतील. माझी सोयरीकही त्यांच्याच डाव्या खिशातून निघाली. तेव्हा मी हे तटस्थपणे लिहितोय असं कोणी समजू नये. माझी बायको तर समजणारच नाही.

मामा पैसे घेत नाहीत. लग्न जमलं की टॉवेल-टोपी घेतात. आजवर इतकी जमवली की त्यांच्या घरी पाहुणा हात धुऊन उठला, तर घडी न मोडलेला नवा टॉवेल मिळतो आणि जाताना टोपीही मिळते. हुंडा हा शब्द मामा उच्चारत नाहीत. 1961 च्या कायद्याचा ते पूर्ण मान राखतात. ‘पाव्हण्यांची समजूत काढा’ असं म्हणतात. समजूत किती तोळ्यांची, हे फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. पेन्सिल एवढ्यासाठी, की समजूत कमी-जास्त होते.

पण मामांची खरी विद्या फोटो वाचण्याची. आपण फोटो हातात आला की चेहरा बघतो. मामा खालून वर जातात. आधी पाय. नवी चप्पल असली तर एक हुंकार. मग साडीचा काठ. फॉल लावलेला नसला की साडी परवाच घेतली, किंवा दुकानातून ‘पसंत पडली तर ठेवू’ म्हणून आणली. घडीच्या रेषा दिसल्या की पेटीतून थेट स्टुडिओत. ब्लाउज खांद्यावरून उतरत असला की तो मावशीचा, आणि मावशी अंगानं बरी. मग मनगट, मग गळा. गळ्यापाशी मामा थांबतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि फोटो उजेडाकडं तिरपा धरतात.

“मास्तर, खरं सोनं फोटोत जरा दबून असतं. लई चमकायला लागलं की समजायचं बेन्टेक्स.”

एकदा त्यांनी माझ्यापुढं चार फोटो ओळीनं मांडले. चार गावच्या चार पोरी, चौघींच्या मागं तोच धबधब्याचा पडदा, शेजारी तोच प्लास्टरचा खांब, खांबावर त्याच प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ. आणि चौघींच्या गळ्यात एकच राणीहार. हार स्टुडिओवाल्याच्या बायकोचा होता. बिचारीच्या स्वतःच्या फोटोत मात्र तिच्या गळ्यात काही नव्हतं. त्या दिवशी हार दुसऱ्या पोरीच्या गळ्यात होता.

“आणि चेहरा?” मी विचारलं.

“चेहरा काय,” मामा म्हणाले, “चेहरा सगळ्यालाच असतो.”

आता फोटो मोबाईलवर येतात. मामांनी नातवाच्या हट्टाखातर मोबाईल घेतला, पण त्यावरच्या स्थळांवर त्यांचा विश्वास नाही. ब्युटी मोडमध्ये काढलेल्या सगळ्या पोरी एकाच आईच्या लेकी दिसतात, हे त्यांचं दुःख. शिवाय मोबाईलला मागची बाजू नाही. मागं लिहायचं कुठं?

अशा माणसापुढं मी सोळाव्या शतकातल्या इंग्रज लघुचित्रांचं पुस्तक ठेवलं. इंग्लंडच्या उमराव घरांतल्या बायका, दीड-दोन इंचांच्या गोल नाहीतर लांबट गोल चौकटीत. मला वाटलं होतं, मामा दोन पानं उलटतील आणि चहा मागवतील. त्यांनी डाव्या खिशातला सगळा ऐवज बाहेर काढून शेजारी ठेवला आणि पुस्तक मांडीवर घेतलं. कामाला बसले.

“पडदा निळा,” हे पहिलं वाक्य. “आपला पासपोर्टवाला असतो तसाच.”

खरंच होतं. होल्बाइन काय, त्याच्यामागून आलेला हिलियर्ड काय, दोघांच्याही लघुचित्रांची पार्श्वभूमी पुष्कळदा सपाट निळी. आणि आकार असा, की चित्र दागिन्यात बसवून गळ्यात घालावं, डबीत ठेवावं, वकिलाबरोबर परमुलखात पाठवावं. कातडं वासराचं, पातळ तासलेलं, आणि ते ताठ राहावं म्हणून मागून चिकटवलेला पत्त्यांच्या जोडातल्या पानाचा तुकडा.

“म्हंजी पुठ्ठा,” मामा म्हणाले. “आमचा स्टुडिओवाला पण लावायचा. पण पत्ता कोणता? एक्का का दुर्री?”

“काय फरक पडतो?”

“कामून न्हाई पडत? एक्का फाडून फोटोला लावणारा माणूस म्हंजी घर मोठं.”

मग मामांनी कपड्यांना हात घातला. त्या बायकांच्या मानेभोवती लेसची भली मोठी चक्राकार कॉलर असते. मामा बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. पाणी कसं पीत असतील, अशी शंका त्यांनी काढली. मग ती उभी कशी राहते हे विचारलं. मी सांगितलं, खळ. 1564 च्या सुमाराला फ्लँडर्समधून एक बाई लंडनला आली, तिनं खळ करायची विद्या आणली आणि ती शिकवायचे चार-पाच पौंड घ्यायला लागली. त्या काळात ही रक्कम थोडी नव्हती. मामांना हे फार पटलं. खळीचं धोतर नेसणारा माणूस दिवसभर कामाला हात लावू शकत नाही, आणि कामाला हात लावावा लागत नाही हेच तर त्याला गावाला दाखवायचं असतं. ती कॉलर घालून कोणती बाई चुलीपुढं बसणार? मला वाटतं, पोशाखाच्या इतिहासावर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी जे पन्नास पानांत मांडलं ते मामांनी उठता उठता सांगितलं. उठता उठता, कारण तेवढ्यात दारात सेलूचे पाव्हणे आले होते आणि त्यांना टॉवेल द्यायचा होता.

परत येऊन त्यांनी गळे तपासले. निकोलस हिलियर्ड हा सोनाराचा मुलगा. स्वतः राणीच्या जवाहिऱ्याकडं उमेदवारी केलेला, त्यामुळं त्याची दागिन्यावरची नजर पक्की. माणिक रंगवायचं तर तो चांदीचा कण घासून लख्ख करायचा आणि त्यावर रंगवलेल्या राळेचा थेंब तापल्या सुईनं बसवायचा. मोत्यासाठी पांढऱ्या रंगाच्या थेंबावर चांदीचा ठिपका, आणि तो घासायला एखाद्या लहानग्या जनावराचा दात. लेसचा पांढरा रंग इतका जाड, की कॉलर कातड्यावरून वर उचललेली दिसते. चेहऱ्यावर मात्र पातळ, फिकट रंगाचे दोन-चार हलके हात. चारशे वर्षांत झालं असं, की कित्येक ठिकाणी ती चांदी काळी पडली. मोती करपल्यासारखे दिसतात.

“काळे पडले?” मामांनी पुस्तक तिरपं धरलं. “म्हंजी बेन्टेक्सच की.”

मी म्हटलं, मोती खरेच होते, चित्रातले तेवढे चांदीचे. मामांनी मान हलवली. फोटोत जे दिसतं तेच सोनं, हा त्यांचा नियम. घरातलं सोनं ज्याचं त्यानं मोजावं. हिलियर्डनं पुढं त्याच जवाहिऱ्याच्या मुलीशी लग्न केलं, 1576 साली. हे ऐकून मामांनी पहिल्यांदा त्याच्याबद्दल आदर दाखवला. “मध्यस्थ ठेवला न्हाई. जातीचा सोनार.”

पुढं एलिझाबेथ राणी आली. हिलियर्डनं स्वतः लिहून ठेवलं आहे, की राणी त्याच्यापुढं बसली ती मोकळ्या बागेत, जिथं झाडाची सावली नाही अशा जागी. चेहऱ्यावर सावली पडायला नको. पुढं पुढं तर राणी साठीच्या पुढं गेली तरी चित्रांत विशीची राहिली. ठरावीक तरुण चेहरा, भोवती दरवेळी नवा पोशाख, नवे मोती. मामांना यात काही नवल वाटलं नाही. “पुढून फुल लाइट मारला की सुरकुती जाती. आपल्याकडं बी तेच करतात. पण बाईनं लग्न केलं का?” नाही केलं, म्हटल्यावर ते खिन्न झाले. इतके फोटो काढून.

आता माझ्या हातात हुकमाचं पान होतं. मी त्यांना आठव्या हेन्रीची गोष्ट सांगितली.

राजाची तिसरी राणी बाळंतपणात गेली. चौथी हवी होती. फोटो मागवायचे म्हणजे चित्रकार पाठवायचा. हान्स होल्बाइन निघाला. 1538 च्या मार्चात ब्रुसेल्सला डेन्मार्कच्या क्रिस्टिनाला त्यानं तीन तासांत कागदावर उतरवलं. सोळा वर्षांची विधवा, काळा पोशाख, अंगावर एका अंगठीपलीकडं फारसं काही नाही, आणि तरी हेन्री खूश झाला. ते जमलं नाही. 1539 च्या ऑगस्टमध्ये होल्बाइन ड्यूरेनला गेला. क्लीव्हच्या ड्यूकच्या दोन बहिणी, ॲन आणि अमालिया. वधू पाहायला गेलेल्या इंग्रज वकिलांनी आधीच तक्रार केली होती, की त्यांच्या मुलखाचा पोशाखच असा अवजड, की आत माणूस कसं आहे ते कळत नाही. त्यावर मुलीकडच्या कारभाऱ्यानं, मग काय उघड्या दाखवायच्या का, असं ठणकावलं म्हणतात. होल्बाइननं पोशाख जसाच्या तसा काढला: सोनेरी पट्टे, जडावाचे काठ, डोक्यावर मोत्यांची टोपी, आणि सगळं अगदी समोरून. ॲनचं एक छोटं चित्र गुलाबासारख्या कोरलेल्या हस्तिदंती डबीत बसवलेलं आहे, आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात.

“समोरून?” मामा मध्येच म्हणाले. “मग नाकात काहीतरी हाय.”

चित्र पाहून राजा हो म्हणाला. 1 जानेवारी 1540 ला वेश पालटून तिला बघायला गेला आणि तोंड पाडून परत आला. सहा तारखेला लग्न लागलं, कारण आता मोडणं परवडत नव्हतं. जुलैत मोडलं.

माझी कथा रंगत आली होती, पण मामांचं लक्ष ॲनकडं नव्हतं, हेन्रीकडं नव्हतं, होल्बाइनकडं तर नव्हतंच. ते पुढं सरकून बसले होते.

“मधी कोण होता?”

मधे होता थॉमस क्रॉमवेल, राजाचा मंत्री. त्यानंच ही सोयरीक जमवली होती.

“त्याचं काय झालं?”

28 जुलै 1540 ला त्याचं डोकं उडवलं. आरोप दुसरे लावले, पण सोयरीक भोवली हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच दिवशी राजानं पाचवं लग्न केलं.

“आणि फोटोवाला?”

“त्याला काही झालं नाही.”

मामा उठून उभे राहिले. माझी सोयरीक जमवताना ते इतके चिडल्याचं मी पाहिलं नव्हतं. नवरी सुटली का? सुटली, राजवाडा मिळाला, जमीनजुमला मिळाला, राजाची बहीण म्हणून मान मिळाला, आणि हेन्री मेल्यावर दहा वर्षं जगली. राजा सुटला, त्यानं नवी केली. फोटोवाला सुटला. “आणि मध्यस्थाचं मुंडकं! बघा मास्तर, बघा. नाकाचं माप कोणी चुकवलं, अन् मान कोणाची गेली!” त्यानंतरचा अर्धा तास जिंतूर तालुक्यातल्या त्या सगळ्या सोयरिकींच्या वर्णनात गेला, ज्या मोडल्यावर दोन्हीकडच्यांनी मामांना शिव्या घातल्या आणि स्टुडिओवाल्याकडं मात्र दुसऱ्या खेपेचे फोटो काढायला गेले. क्रॉमवेलला इंग्लंडात कादंबरीकार भेटले, पण चारठाण्यात भेटली तशी सहानुभूती कुठं भेटली नसेल.

त्यांना शांत करायला मी पुण्याचं चित्र काढलं. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाची सचित्र फारसी पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीनं अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीत रचलेली, 1565 च्या आसपासची. म्हणजे तिकडं हिलियर्ड अजून उमेदवारीच करत होता. नवल असं, की या चित्रांत राजाच्या जोडीनं राणी होती, खुंजा हुमायून, चांदबिबीची आई. एवढ्या मोठ्या घरची बाई चित्रात बसवायची पद्धत आपल्याकडं नव्हती. आसपासच्या बायकांची चोळी, अंगाभोवती घेतलेलं लांब वस्त्र, पाठीवरून खाली सुटलेली वेणी आणि तिच्या टोकाचा गोंडा, सगळं मन लावून काढलेलं. एका चित्रात सुंदरीच्या स्पर्शानं झाड फुलतं.

हुसेन मेला, मुलगा मुर्तझा लहान, काही वर्षं राणीनंच कारभार पाहिला. 1569 मध्ये मुलानं आईला कैदेत टाकलं. आणि पोथीतल्या बहुतेक चित्रांत राजाशेजारची राणी कोणीतरी रंग फासून पुसून टाकली. राजा बसलेला आहे, शेजारी नुसता डाग.

मामा या चित्रावर हसले नाहीत. मोडलेल्या घरांतले अल्बम त्यांनी पाहिले आहेत. कात्रीनं अर्धे कापलेले फोटो, नवरदेव आहे आणि त्याच्या खांद्यावर एक बांगड्यांचा हात तेवढा उरलाय. ते म्हणाले, “कापलेला फोटो मी खिशात घेत न्हाई.” एवढंच.

पण मामा फार वेळ गप्प राहणारा माणूस नव्हे. “निजामशाहीचं घर कुठलं?” त्यांनी विचारलं. घर म्हणजे मूळ गाव, कूळ, भावकी. मी सांगून बसलो. फिरिश्ता या इतिहासकारानं लिहिलंय, की अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. विजयनगरकडं गेले, तिथं युद्धात एक पोर बहमनी फौजेच्या हाती लागलं, त्याचा पुढं मलिक हसन झाला आणि त्याच्या मुलानं अहमदनगरचं राज्य काढलं. वाडवडिलांची पाथरी आपल्याकडं असावी म्हणून नातू बुऱ्हाण वऱ्हाडच्या इमादशहाशी भांडला, आणि 1518 मध्ये ती घेतलीच.

“पाथरी?” मामांचा आवाज बदलला. “आपली पाथरी?”

“आपलीच. परभणी जिल्हा.”

“मग राणी आपल्या जिल्ह्याची सून झाली की हो! अन् चांदबिबी लेक!”

झालं. त्या संध्याकाळी चारठाण्याच्या पारावर बातमी पोचली, की पुण्याच्या पोथीत परभणीच्या सुनेचा फोटो आहे आणि तो खोडलाय. पाथरीकर आधीच साईबाबांच्या जन्मगावाचा वाद लढवतायत. त्यांना हे नवं कलम मिळालं तर जबाबदार मी. मामांची भूमिका मात्र साधी आहे. जगात नाव काढलेल्या कोणाचंही कूळ खोदत गेलं की माणूस जिंतूर, सेलू, मंठ्याच्या बाहेरचा निघत नाही. चारठाण्यात उभा असलेला उंच कोरीव स्तंभ, गोकुळेश्वराचं देऊळ, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी बारव, ही ज्यांनी बांधली त्यांच्या बायकाही कुठल्या तरी सोयरिकीनं इथं आल्या असणारच, आणि ती जमवणारा माणूसही असणारच. त्याचा पुतळा कुठं नाही, ही मामांची जुनी तक्रार. औंढ्याच्या देवळावर, नांदेडकडं होट्टलच्या देवळावर दगडाच्या सुंदऱ्या आरशात बघतायत, पैंजण चढवतायत. मामा त्यांच्यापुढं उभे राहिले की पोट सुटलेल्या यात्रेकरूंना सांगतात, “नीट बघा. अस्सल हाय सगळं. दगडावर बेन्टेक्स चालत न्हाई.”

हल्ली मात्र मामांची बंडी उजवीकडं झुकते. डावा खिसा हलका झालाय. पोरी शिकायला परभणी, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशा गेल्या, आणि शेतीवाल्या पोरांचे फोटो खिशात वर्ष वर्ष पडून राहतात. एकेकाळी पोरीच्या गळ्यात राणीहार भाड्यानं यायचा. आता पोरं दुसऱ्याच्या थार गाडीला टेकून उभी राहतात, डोळ्यावर काळा चष्मा, गळ्यात साखळी. मामा तेच करतात, खालून वर. बूट, जीन्स, पट्टा, गाडी. गाडीचा नंबर मात्र आधी वाचतात. एम.एच. 22 नसला की पुण्याच्या दाजीची.

म्हणून त्या पुस्तकात त्यांना खरं आवडलं ते शेवटी आलेलं चित्र, हिलियर्डचा गुलाबांतला तरुण, 1587 च्या आसपासचा. झाडाला टेकून उभा, एक हात छातीवर, खांद्यावर काळा झगा, पायात पांढरे तंग मोजे, भोवती काटेरी पांढरे गुलाब.

“पोरगा देखणा हाय. काय करतो?”

“एसेक्सचा अर्ल असावा असं मानतात. राणीच्या दरबारात होता.”

“म्हंजी सरकारी नोकरी!”

“1601 मध्ये राणीनंच त्याचं डोकं उडवलं.”

मामा हिरमुसले. “मग कंत्राटी म्हणा की.”

पण ऐट त्यांच्या मनात भरली. पुढच्याच आठवड्यात एका पोराला त्यांनी थारपासून ओढून काढला, बारवेपाशी नेला, पांढरी पँट घालायला लावली, लिंबाला टेकवला आणि हात छातीवर ठेवायला सांगितलं. फोटो मंठ्याच्या पाव्हण्यांकडं गेला. चौथ्या दिवशी परत आला. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं: पोरगा पसंत, आधी ईसीजी काढून पाठवा.